हिंदुरावांनी विसार मोडला

मंडळी, पेटी जरा थांबू द्या. तबलजी, तुम्हीही हात पुसून घ्या. मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचाय, आणि उत्तर घाईनं द्यायचं नाही. शब्द पाळणारा माणूस मोठा, की शब्द मोडणारा?

बघा! पहिल्या ओळीतले काका हसले. बुवांनी आज फारच सोपा पेपर काढला म्हणत असतील. शब्द पाळणारा मोठा, हे काय विचारणं झालं? वचनासाठी राज्यं सोडली, वनवास भोगले, स्मशानात चाकरी केली, हेच ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. खरंय! एक अक्षर खोटं नाही त्यात. पण मंडळी, आपला शब्द पाळला की दुसऱ्याच्या चुलीवर पाणी पडणार, असं दिसत असेल तर? तरी पाळायचा? आता का गप्प बसलात?

राहू द्या. उत्तर तुम्ही नका देऊ, गोष्टच देईल. आणि आज मी पुराणात नेत नाही तुम्हाला. आज कथा आहे एका मोटारगाडीची. हो, हो, मोटारगाडी! त्यातही शर्यतीची असते तसली, बसकी, दोन दरवाजांची! हे बघा, मागच्या तरुण मंडळींनी मोबाइल खिशात घातले. मघाशी देवाचं नाव घेत होतो तेव्हा नाही घातले, गाडीचं नाव काढल्यावर घातले. असू दे बाबांनो. कुठल्या का दारानं होईना, आत आलात हे महत्त्वाचं.

तर ऐका. गाव कोल्हापूरच्या अंगाचं समजा. नावं मी बदलून सांगतोय. तिथं एक हिंदुराव सासने म्हणून गृहस्थ. गिअर कापायचं वर्कशॉप, दोन लेथ, चार माणसं. साठीला टेकलेले. बोलायला कमी, आणि बोलले की ते दगडावरची रेघ. त्या भागात व्यवहाराची एक जुनी रीत आहे. सौदा ठरला की घेणारा देणाऱ्याच्या हातावर थोडे पैसे ठेवतो. त्याला म्हणायचं विसार. विसार पडला की बोलणं संपलं! घेणारा फिरला तर त्याचा विसार बुडाला, देणारा फिरला तर त्यानं दुप्पट परत करायचा. पण पैशाचं सोडा हो. विसार घेऊन जो फिरला, त्याच्या दारात पुन्हा कोण उभं राहणार?

आणि हिंदुरावांचं नाव काय होतं सांगू? दोन माणसांचा एकमेकांवर विश्वास नसला, की दोघं मिळून विसार हिंदुरावांकडे ठेवायचे. प्लॉट असो, म्हैस असो, जुनं मशीन असो. कागद नाही, पावती नाही. "हिंदुरावांकडं ठेवलाय" म्हटलं की दोन्हीकडची माणसं सुखानं जेवायला मोकळी. माणसाचं यापेक्षा मोठं ऐश्वर्य दुसरं कुठलं हो? बंगल्याला रंग कुणीही देतो!

पण या साध्या माणसाला एक षौक होता. कुणाला नसतो? कुणाला पानाचा, कुणाला दुसऱ्याच्या घरातल्या बातमीचा! यांना गाडीचा. एका पडक्या गॅरेजात धूळ खात पडलेली परदेशी गाडी त्यांनी भंगाराच्या भावात उचलली आणि कित्येक वर्षं रविवारची सुट्टी तिच्यात घातली. मिळेना तो भाग स्वतः कापून बसवला. रंग दिला हळदीचा. गाडी अशी बसकी, की आत शिरायचं म्हणजे जेवायला पाटावर बसल्यासारखं. आणि सुरू झाली की अख्ख्या गल्लीला कळायचं, सासन्यांची नवरी निघाली!

आता षौक हळदीच्या रंगाचा, पण गुडघे? ते साठीचेच. बसताना त्रास, उठताना त्याहून त्रास. डॉक्टर म्हणाले, दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदला. खर्च ऐकून हिंदुराव घरी आले, अंगणात उभ्या गाडीकडं बघितलं आणि बायकोला म्हणाले, "मालन, हिच्यामुळं गुडघे दुखत्यात, आता हिनंच ते दुरुस्त करायचे." मालनबाई हसल्या. आत जाऊन डोळे पुसले, ते वेगळं.

भाच्यानं जाहिरात टाकली मोबाइलवर. मग काय, गिऱ्हाइकांची रांग! पहिला आला, गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, दारं उघडून बघितली आणि विचारतो, "लिटरला किती देते?" अरे बाबा, शर्यतीचा घोडा बघायला आलास आणि दूध किती देतो विचारतोस? दुसरा आला तो फोटो काढून गेला. तिसरा म्हणाला, निम्मे पैसे आणि एक जुना ट्रॅक्टर. प्रत्येकाला मालनबाईंचे पोहे आणि चहा! शेवटी त्याच म्हणाल्या, "पोरगी खपवायला एवढे पोहे लागले नसते."

आणि मग आले दिनकरराव मगदूम. खताचं दुकान, नावाजलेला माणूस. बरोबर मुलगा ऋतुराज, वीस वर्षांचा. ओठावर मिशी नुकती आलेली, डोळ्यात गाडी भरलेली. दिनकररावांनी भाव केला नाही, मंडळी! हिंदुराव बोलले ती किंमत मान्य. म्हणाले, "पोराचं मन बसलंय, बाकी मला काही बघायचं न्हाई." तिथल्या तिथं विसार हातावर ठेवला. हिंदुरावांनी तो कपाळाला लावला. झालं! गाडी मगदुमांची झाली. किल्ली द्यायची तेवढी राहिली, पुढच्या आठवड्यात बाकी रक्कम आल्यावर.

आता इथं हिंदुरावांची एक खोड आडवी आली. त्यांचे वडील जनावरांचे व्यापारी. वडिलांची रीत अशी, की गाय विकली तरी ती नेण्याआधी घेणाऱ्याचा गोठा बघून यायचं. पाणी कुठं, गव्हाण कुठं, वर छप्पर आहे का? हिंदुरावांनी ती रीत गाडीला लावली! गाडी बसकी, तिचं पोट जमिनीला लागतं. मगदुमांच्या फाटकाला उंबरा असला तर? म्हणून दुसऱ्या दिवशी गुडघे सांभाळत गेले गाडीचा गोठा बघायला. हसा, हसा! मलाही पहिल्यांदा ऐकताना हसू आलं होतं.

दिनकरराव दुकानात, मुलगा कॉलेजात. घरी एकट्या शालनबाई, ऋतुराजची आई. त्यांनी शेड उघडून दाखवली. प्रशस्त शेड. पण कोपऱ्यात चादर टाकलेलं काहीतरी उभं. हिंदुरावांनी सहज विचारलं, "ती मोटारसायकल हलवाय लागंल वहिनी, जागा पुरायची न्हाई." बाई पुढं झाल्या. चादरीचं टोक नीट केलं. हिंदुरावांनी खाली बघितलं. पुढचं चाक वाकडं झालेलं. आणि चादरीवर त्या दिवशीचं ताजं फूल.

मग बाईंकडूनच कळलं. थोरला मुलगा विश्वजित. त्यानं बापाकडं गाडी मागितली होती. दिनकरराव म्हणाले, एवढ्यात चारचाकी नको, मोटारसायकल घे. आणि बायपासच्या वळणावर एका दुपारी ते पोर गेलं. तेव्हापासून त्या बापाच्या मनानं एकच घेतलेलं, चार चाकं असती तर वाचला असता. मी नाही म्हणालो म्हणून गेला. आता धाकट्याला कशालाच नाही म्हणायचं नाही! मंडळी, या बापाला नावं ठेवू नका. त्याच्या जागी बसायची वेळ कुणावर न येवो.

शालनबाईंनी चहा आणला. हिंदुराव खुर्चीत बसलेले, कप हातात. बाई दाराला टेकून उभ्या. म्हणाल्या, "भाऊ, एक विचारू?"

"विचारा की वहिनी."

"ही गाडी किती पळती?"

हिंदुराव मशिनचा माणूस. गाडीचं विचारलं की त्यांचा चेहरा खुलतो. सांगितलं अभिमानानं, "रस्ता मोकळा असला तर दोनशेच्या वर. आपल्या भागात हिच्या मागं यील अशी गाडी न्हाई."

बाईंची नजर शेडकडं गेली. मग खाली बघत म्हणाल्या, "मग ती हळू पळंल असं काय करता येतं का? तुम्हाला आतलं समजतं. एखादा भाग काढून ठेवा. कुणाला कळायचं न्हाई. पोरगं पण खूश ऱ्हाईल, आणि..."



काय उत्तर द्यायचं हो याला? ज्या माणसानं वर्षानुवर्षं रविवार खर्ची घालून गाडी पळती केली, त्यालाच बाई विचारते, ती हळू करून द्याल का! हिंदुरावांनी कप खाली ठेवला. "बघतो वहिनी" एवढं म्हणून उठले. फाटकाला उंबरा होता का नव्हता, ते बघायचं राहूनच गेलं.

घरी आले ते जेवले नाहीत नीट. मालनबाईंनी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. मालनबाई व्यवहारी. म्हणाल्या, "मग दिनकररावांना सांगा की सरळ. पोराला देऊ नका म्हणावं."

हिंदुराव म्हणाले, "काय सांगू? तुझ्या थोरल्याचं झालं तसं धाकट्याचं हुईल? त्याच्या छातीत आधीच ते रुतलंय, त्यावर मी बोट ठेवू? आणि कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर? वहिनींचं नाव घेऊ? मग त्या घरात त्या बाईनं तोंड कुठं लपवायचं?"

"आणि तुम्ही नाही दिली तर ती दुसरीकडनं घेत्याल."

"घेऊ देत. पण त्या बाईनं दुसऱ्याला न्हाई विचारलं. मला विचारलंय."

ऐकलंत? पुन्हा ऐका! "मला विचारलंय." आपण काय म्हणतो? मी नाही दिली तर दुसरा देईलच, मग मीच का नको? जगातली निम्मी पापं या एका वाक्याच्या सावलीत बसून होतात, मंडळी. दारूचं दुकान याच वाक्यावर चालतं, भेसळ याच वाक्यावर. आणि हा एक माणूस म्हणतो, दुसऱ्याचं दुसरा बघेल, प्रश्न माझ्या दारात आलाय.

पण आता पेच बघा. विसार घेतलाय. कारण सांगायचं नाही, आणि व्यवहार मोडायचाय. मग सांगायचं काय?

हिंदुराव दुसऱ्या दिवशी दुपारी मगदुमांच्या दुकानात गेले. गिऱ्हाइकं होती, ऋतुराजही गल्ल्याशेजारी उभा. त्यांनी दुप्पट विसार काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "दिनकरराव, गाडी देता येत न्हाई. दुसरं गिऱ्हाईक जास्त देतंय."

दिनकररावांना आधी चेष्टाच वाटली. "अहो हिंदुराव, काय बोलताय? विसार घेतलाय तुम्ही."

"घेतला होता. हा दुप्पट परत."

मग मात्र 'अहो'चं 'अरे' झालं. दिनकरराव भर दुकानात म्हणाले, "अरे, लोकं तुझ्याकडं विसार ठेवत्यात आणि तूच चार पैसे जास्त दिसल्यावर फिरलास व्हय? जास्त पायजे होतं तर मला मागायचं होतंस. मी दिलं असतं." हिंदुराव मान खाली घालून ऐकत राहिले. मुलगा आत निघून गेला. जाताना त्यानं हिंदुरावांकडं जे बघितलं, ते त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

आता सांगा, या माणसानं आपलं काय दिलं? गाडी? छे! गाडी त्याच्याकडंच राहिली. त्यानं दिलं आपलं नाव. उभ्या आयुष्यात एक गोष्ट जमवली होती, हिंदुरावांचा शब्द. ती एका दुपारी एका बाईच्या अर्ध्या वाक्यासाठी काउंटरवर ठेवून आला! आणि वर लोभी ठरला. पैसेवाला दानधर्म करतो, त्याचा फलक लागतो. नाव दान करणाऱ्याचा फलक कुठं लागतो हो?

बातमीला पाय असतात. संध्याकाळपर्यंत चहाच्या गाड्यावर पोचली. "सासने फिरला." "विसार खाल्ला." दुप्पट परत दिला हे सांगणारा त्या गर्दीत एक नव्हता, कारण त्यात मजा नाही ना! हळूहळू लोक विसार ठेवायला यायचे बंद झाले. समोरून येणारा पलीकडच्या बाजूनं जाऊ लागला. आणि हिंदुराव? पहिल्यासारखेच वर्कशॉपला जायचे, लंगडत.

मालनबाई एक दिवस म्हणाल्या, "झालं ते झालं. आता दुसऱ्या कुणाला तरी विका ती. गुडघ्यांचं बघूया."

गिऱ्हाइकं येतच होती, पण बहुतेक ऋतुराजच्याच वयाची पोरं. एक तर दिनकररावांपेक्षा खरंच जास्त द्यायला तयार होता. आणि इथं हिंदुराव काय म्हणाले ते मला फार आवडतं. म्हणाले, "जास्त पैशासाठी मोडलं असं मी खोटं बोललो. आता जास्त पैसे घेतले तर ते खरंच झालं की. खोटं बोललोय ते खोटंच राहायला पायजे."

काय बुद्धी म्हणावी ही! आम्ही खोटं बोलतो आणि ते खरं ठरावं म्हणून धडपडतो. हा माणूस आपलं खोटं खोटंच राहावं म्हणून दुखणारे गुडघे घेऊन बसला. मला सांगा, सत्याची याहून मोठी सेवा कुठल्या व्रतात आहे?

असं जवळजवळ वर्ष गेलं. एकदा दिनकररावांना कशासाठी तरी त्या गल्लीत जावं लागलं. सासन्यांच्या दारावरून जाताना मान वळली. आणि ते थबकले. हळदी रंगाची गाडी अंगणात तशीच उभी! राग उफाळून आला. फाटक ढकलून आत गेले. हिंदुराव पायरीवर बसलेले, गुडघ्याला तेल लावत.

दिनकरराव म्हणाले, "काय रे, तुझं जास्तीचं गिऱ्हाईक कुठं गेलं?"

हिंदुराव गोंधळले. "ते... फिरलं ते."

"मग त्याचा विसार बुडाला असंल. खाल्लास तो?"

"त्याच्याकडनं विसार घेतला नव्हता."

दिनकरराव पुढचं बोलणार, तेवढ्यात मनात हिशेब सुरू झाला. व्यापारी माणूस होता तो! हिंदुराव सासने? ज्याच्याकडं अख्खा गाव विसार ठेवायचा तो? आणि विसार न घेता नुसत्या बोलण्यावर दुसऱ्यासाठी पक्का सौदा मोडतो? शक्य नाही. लोभी माणूस तर पहिला विसार घेतो! म्हणजे दुसरं गिऱ्हाईक नव्हतंच. मग का? हिंदुरावांनी मान वर केली नाही. दिनकरराव आल्या पावली घरी गेले.

घरी बायकोला म्हणाले, "शालन, सासन्याची गाडी अजून त्याच्या दारात आहे. त्यानं खोटं सांगितलं आपल्याला. का सांगितलं असंल?"

बाईनं हातातलं काम बाजूला ठेवलं. दुप्पट विसार घरात आला त्याच दिवशी तिला सगळं उमगलं होतं. एक वर्ष ती माउली ऐकत होती, आपला नवरा ज्याला शिव्या देतोय तो आपल्यासाठी त्या खातोय. बोलावं तर नवऱ्याची जखम, न बोलावं तर देवमाणसाची बदनामी! रडत रडत तिनं सांगितलं सगळं. चादरीचं, चहाचं, हळू पळंल का ते. दिनकरराव ऐकत होते. नंतर उठून शेडमध्ये गेले आणि थोरल्याच्या मोटारसायकलशेजारी बसून पोटभर रडले. त्या घरात कुणी मोकळं रडलंच नव्हतं तोवर.

सकाळी दिनकरराव थेट चहाच्या गाड्यावर. तिथंच त्यांनी वर्षभर हिंदुरावांची अब्रू काढली होती, तिथंच ती परत द्यायची होती. हिंदुराव नेहमीप्रमाणे कडेला एकटे उभे. दिनकररावांनी मोठ्यानं सुरुवात केली, "ऐका रे सगळे..."

हिंदुरावांनी त्यांचा हात धरला. हळूच म्हणाले, "काय बोलू नका."

"का बोलू नको? माझ्यामुळं तुमचं नाव गेलंय." बघा, 'तू'चं परत 'तुम्ही' झालं.

"वहिनींचं बोलणं बाजारात यायला नको. घरातलं घरात ऱ्हाऊ द्या. माझं चाललंय."

 दिनकररावांनी दोन चहा घेतले, एक हिंदुरावांच्या हातात दिला आणि खांद्याला खांदा लावून उभे राहिले. आजूबाजूची माणसं बघतच राहिली. असं कसं झालं? पण कुणी विचारलं नाही.

पुढं ती गाडी एका निवृत्त प्राध्यापकांनी घेतली. हिंदुरावांनी ठरवून मगदुमांच्या भावापेक्षा कमी घेतले. ते प्राध्यापक तिला चाळीसच्या वर नेत नाहीत, मागून रिक्षावाले हॉर्न मारतात! कमी पडलेल्या पैशांसाठी हिंदुरावांनी एक लेथ विकला आणि गुडघे करून घेतले. ऋतुराज रीतसर ड्रायव्हिंग शिकून आता दुकानाचा टेम्पो चालवतो, घरी पोचला की आईला हाक मारतो. एवढंच. चमत्कार काही झाला नाही. गावातली बरीच माणसं हिंदुरावांना अजून फिरलेला माणूसच म्हणतात. मला हे दिनकररावांनी स्वतः सांगितलं. म्हणाले, "बुवा, मला त्यांनी बोलू दिलं न्हाई. तुम्ही नाव बदलून बोला."

म्हणून बोललो. तर आता सांगा मंडळी, शब्द पाळणारा मोठा की मोडणारा? अहो, ज्यानं स्वतःच्या भल्यासाठी शब्द मोडला तो लबाड. ज्यानं स्वतःच्या नावासाठी पाळला तो भला माणूस. आणि ज्यानं दुसऱ्याच्या लेकरासाठी मोडला आणि त्याची शिक्षा तोंड मिटून भोगली, त्याच्या पायावर डोकं ठेवावं असं मला वाटतं.

पण हिंदुरावांसारखे व्हा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते आपल्या आवाक्यातलं नाही, माझ्याही नाही. मी दुसरंच विचारतो. ती गाडी वर्षभर कुठं उभी होती? तिजोरीत होती का? अंगणात होती! हळदी रंगाची, लांबून दिसणारी. अख्खा गाव तिच्यासमोरून रोज ये-जा करत होता. लोभापायी सौदा मोडला म्हणता, मग गाडी दारात कशी, हा साधा प्रश्न एकालाही पडला नाही. शिव्या द्यायला सगळे, विचारायला कुणी नाही!

तुमच्याही गल्लीत असेल असा एखादा. कुणी भावकीतून तोडलेला, कुणी सोसायटीत नाव ठेवलेला. त्याच्या दारातलं तुम्हाला रोज दिसतंय. कधी थांबून विचारलंत त्याला? आता टाळ उचला. पण उचलण्याआधी तो माणूस मनात आणा, ज्याच्याबद्दल तुम्ही न विचारताच बोललात. पांडुरंगाचं नाव त्याच्यानंतर घेऊ. देव तेवढं थांबेल.